नागपूर: तीन मजली ऑफिसचं मे महिन्याचं बिल आणि वरच्या मजल्यावरची डोकेदुखी. सुरुवात कुठून?

रामदासपेठ_३_मजले

मंडळी, सल्ला हवा आहे. तळ अधिक दोन अशी जुनी ऑफिसची इमारत आहे. प्रत्येक मजला ३,००० चौरस फूट, एकूण माणसं ७०, त्यातली २५ सगळ्यात वरच्या मजल्यावर. वर सहा इंची स्लॅब आणि त्यावर जुना कोबा, शेवाळानं काळा पडलेला. वरच्या मजल्याला पश्चिमेकडे साधी ६ मिमी काच, अंदाजे २० चौरस मीटर, वर दोन फुटी छज्जा. दीड टनाचे २६ स्प्लिट एसी, निम्मे दहा वर्षांपेक्षा जुने. ट्यूबलाइट आधीच एलईडी केल्या आहेत.

जानेवारीत साधारण ४,००० युनिट पडतात, मे महिन्यात १२,५००. इतकं करूनही वरच्या मजल्यावर दुपारी तीननंतर डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. अकाउंट्समधल्या ताई एसीखाली शाल घेऊन बसतात आणि चार हातांवर बसलेला माणूस घाम पुसत असतो. रिमोटवरून रोज भांडण.

एका ठेकेदारानं सगळे एसी काढून व्हीआरएफ (बाहेरच्या एका मोठ्या युनिटवर आतली अनेक युनिट चालवणारी एसी यंत्रणा) आणि वर जिप्समचं फॉल्स सीलिंग सुचवलंय. मालक म्हणतात त्यापेक्षा सोलर लावू. या वर्षी एकच मोठं काम होईल एवढाच पैसा आहे. कशाला हात घालावा?

गच्ची_आणि_कोबा

आधी वजाबाकी करा. १२,५०० वजा ४,००० म्हणजे ८,५०० युनिट. हा मुख्यतः तुमच्या इमारतीत शिरलेल्या उन्हाळ्याचा आकडा आहे. व्हीआरएफ ती उष्णता जरा स्वस्तात बाहेर फेकेल. पण ती आत येऊच दिली नाही तर फेकावी लागत नाही.

ती येते कुठून? नागपुरात २६ मेच्या सुमारास शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. नवतपा (उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले मानले जाणारे नऊ दिवस) तेव्हा नुकताच लागलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. मारा असतो तो गच्चीवर, सकाळी पूर्वेला आणि दुपारी पश्चिमेला. अनेक जण दक्षिणेच्या खिडक्यांवर पैसे घालतात, मे महिन्याच्या बिलात त्याचा काही उपयोग दिसत नाही.

तुमची गच्ची साधारण २८० चौरस मीटर. काळा कोबा मे महिन्यात दुपारी ६० अंशांच्या वर जातो. सहा इंची स्लॅब आणि कोबा धरून ढोबळ हिशेब केला तर सायंकाळच्या सुमारास चौरस मीटरमागे ७५ वॅटच्या आसपास उष्णता खाली उतरते. एकूण २१ किलोवॅट, म्हणजे एसीच्या भाषेत ६ टन (एक टन साधारण साडेतीन किलोवॅटचा). तुमचे दीड टनाचे चार एसी फक्त गच्चीशी कुस्ती खेळतायत. शिवाय स्लॅब जाड असल्यानं ही उष्णता चार-पाच तास उशिरा खाली पोचते. तीननंतर डोकं जड होण्याचं एक कारण इथेच आहे.

खात्री करायची तर इन्फ्रारेड थर्मामीटर आणा आणि दुपारी चारला छताचा तळ मोजा. तो ३७-३८ दाखवत असेल तर खोलीची हवा २४ असूनही माणसाला उकडणारच, कारण वरून सगळं छतच अंगावर तापत असतं. मग कोणीतरी रिमोट १८ वर नेतो. १८ नं छत थंड होत नाही, फक्त एसीच्या झोताखालची ताई गारठते. तुमचं भांडण रिमोटचं नाही, छताचं आहे.

काम असं करा. कोबा खरवडून, उच्च दाबाच्या पाण्यानं धुवून शेवाळ पूर्ण काढा. लोखंडी सळीनं ठोकत चाला; जिथे पोकळ वाजेल तिथला कोबा उचलायचा. भेगा व्ही आकारात उघडून पॉलिमर मॉर्टरनं भरा. पॅराफिट आणि कोब्याच्या कोपऱ्याला गोलाई द्या, गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. पाण्याचा उतार पन्हाळीकडे १०० ला १ तरी हवा. मग ५ सेंमी पाणी भरून ४८ तास ठेवा आणि खालून ओल येते का बघा. पूर्ण गच्ची एकदम भरली तर १४,००० लिटर लागतील. मातीची आळी घालून अर्धी-अर्धी भरा, तेच पाणी दुसऱ्या अर्ध्यात वळवा. हे आता फेब्रुवारीतच करा, एप्रिलमध्ये टँकर मागवून गच्चीत ओतणं बरं दिसत नाही.

त्यावर दोन पर्याय. स्वस्त पर्याय: पांढरं परावर्तक कोटिंग, दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. सकाळी दहाच्या आत काम संपवायचं. तापलेल्या स्लॅबवर लावलं की वरची साय आधी सुकते, खाली वाफ अडकते आणि फोड येतात. ठेकेदाराला ‘वॉटरप्रूफिंग पांढरं आहे ना’ एवढंच विचारू नका, डब्यामागचा एसआरआय (ऊन परतवून पृष्ठभाग किती थंड राहतो त्याचा) आकडा मागा, नवीन असताना ७८ च्या वर हवा. शेवाळावर किंवा धुळीवर लावलेलं कोटिंग पहिल्या पावसात पापड्यांसारखं सुटतं. आणि दरवर्षी मार्चअखेर गच्ची धुवायची, धूळ बसलेला पांढरा रंग अर्धा पांढरा असतो. साधा चुना मारला तरी फरक पडतो, पण तो एका पावसाळ्याचा पाहुणा.

टिकाऊ पर्याय: वॉटरप्रूफिंगवर ५० मिमी एक्सपीएस शीट (उष्णता अडवणारा कडक फोम), वर जिओटेक्स्टाइल (चिवट कापडी थर), त्यावर ४० मिमी स्क्रीड, म्हणजे सिमेंटचा थर (दीड-दीड मीटरवर सांधे सोडून) आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक. वरच्या हिशेबात ६ टनाचे १ टनाच्या आत येतात. नुसत्या पांढऱ्या कोटिंगनं साधारण निम्मे होतात. मात्र जुन्या कोब्यावर नवा थर म्हणजे चौरस मीटरमागे आणखी १०० किलोच्या घरात वजन. स्ट्रक्चरल इंजिनिअरनं पाहिल्याशिवाय नको.

फॉल्स सीलिंगनं छत दिसेनासं होतं. उष्णता तिथेच असते, वर गळती झाली तर कळतही नाही, आणि पंख्याची उंची जाते. ते कोटेशनमधून पहिल्यांदा उडवा.

कॉम्प्रेसर_भाऊ

वरच्या भाऊंशी सहमत. फक्त पश्चिमेच्या काचेचं राहिलं, ते मी घेतो.

मे अखेरीस साडेचारला सूर्य साधारण ३० अंशांवर असतो. तुमचा दोन फुटी छज्जा त्या वेळी काचेच्या वरच्या जेमतेम ३५ सेंमीला सावली देतो. बाकी काच उघडीच. २० चौरस मीटर काच, त्यावर ६०० वॅट प्रति चौरस मीटर ऊन, साधी काच त्यातलं ८० टक्के आत सोडते. साडेनऊ किलोवॅट. पावणेतीन टन बावा! आणि हे सगळं नेमकं गच्चीची उष्णता खाली पोचायच्या वेळेला.

आतले ब्लाइंड्स उजेड अडवतात, उन्हाची उष्णता फारशी नाही. ऊन काचेतून आत आल्यावर पडद्यावर पडलं तरी तापतो तो आतलाच पडदा. अडवायचं ते काचेच्या बाहेर. लोखंडी चौकटीवर ७५ टक्क्यांची शेडनेट, काचेपासून १५-२० सेंमी लांब, वर-खाली मोकळं, म्हणजे मधली तापलेली हवा वर निघून जाते. जाळी दोन-तीन वर्षांत उन्हानं विरते, ते धरून चला. पैसे असतील तर ॲल्युमिनियमच्या हलत्या उभ्या पट्ट्या. चौकट अँकर बोल्टनंच बसवा. एप्रिल-मे मध्ये अवकाळीचं वादळ आलं की खिळ्यावरची जाळी शेजारच्याच्या गच्चीत सापडते. काचेला आतून गडद फिल्म लावू नका. साध्या, न टफन केलेल्या काचेचा अर्धा भाग सावलीत आणि अर्धा उन्हात असेल तर फिल्ममुळे ती तडकू शकते.

आता एसी. स्प्लिटची टनेज आणि वॅट बाहेर ३५ अंश धरून दिलेली असते. नागपुरात बाहेर ४५. त्यात आउटडोअर युनिट एकाच शाफ्टमध्ये एकावर एक टांगलेली असली तर खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याला ५० च्या वरची हवा मिळते. कूलिंग काऊन येत नाही म्हणून दरवर्षी गॅस भरून राहिले, आणि गॅस कमी नसतोच. दुपारी तीनला प्रत्येक आउटडोअरच्या मागे, हवा आत ओढते त्या बाजूला, थर्मामीटर धरा. बाहेरच्या सावलीतल्या तापमानापेक्षा ४-५ अंश जास्त दिसलं तर ते युनिट हलवायचं आहे, बदलायचं नाही. समोर किमान एक मीटर मोकळं हवं. शोभेची लूव्हरची जाळी समोर असेल तर ती काढा. तांब्याच्या नळीवरचा काळा फोम उन्हानं भुगा झाला असेल तर नवा नायट्राइल फोम आणि त्यावर ॲल्युमिनियम टेप, हे एका दिवसाचं काम आहे. आतली जाळी दर पंधरा दिवसांनी धुवायची, धुळीच्या दिवसांत दर आठवड्याला.

आणि एक नागपुरी चूक. पॅसेजमध्ये कूलर, केबिनमध्ये एसी, मधलं दार उघडं. कूलरनं हवेत टाकलेलं पाणी एसी पुन्हा पिळून ड्रेनच्या नळीतून बाहेर काढतो. दोन्हीचं बिल तुम्ही भरता. कूलर वाईट नाही. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना चांगल्या हनीकोंब पॅडचा कूलर २५-२६ अंशांची हवा देतो. जिना, रिसेप्शन, पँट्री यांना एप्रिल ते मृग नक्षत्र लागेपर्यंत कूलरच द्या, पण एसीच्या भागाला आपोआप बंद होणारं दार असू द्या. तासाला ३,००० घनमीटर हवेच्या कूलरला ताशी साधारण २५ लिटर पाणी लागतं. बोअरचं जड पाणी असेल तर टाकीतलं थोडं पाणी सतत बाहेर सोडावं लागतं, नाहीतर पॅड चुन्यानं दगड होतो. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करायची, डेंग्यूच्या डासाला तेवढं पाणी पुरतं.

व्हीआरएफबद्दल माझं मत: गच्ची आणि काच झाल्यावर एक उन्हाळा जाऊ द्या. आज मोजणी केली तर ३९ टनावर कोटेशन येईल. नंतर गरज कितीतरी खाली येईल आणि मोठं यंत्र आयुष्यभर अर्ध्या भारावर चालवायची वेळ येणार नाही. तोवर जे जुने फिक्स्ड स्पीड एसी मरतील ते एकेक करून इन्व्हर्टरचे घ्या.

रामदासपेठ_३_मजले

दोघांचे आभार. आज दुपारी शाफ्टमध्ये डोकावलो. आठ आउटडोअर एकाखाली एक, आणि वरच्या तोंडाला पत्रा! आता कळलं.

पण गच्ची आणि जाळी झाली तर डोकेदुखी जाईल का? सकाळी अकरालाही काही जण तक्रार करतात, तेव्हा तर छत गार असतं.

श्वास_मोकळा

अकराची डोकेदुखी वेगळी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच फिरवतो. हे मोठ्या मोठ्या ऑफिसांत माहीत नसतं. तुमचा वरचा मजला २८० चौरस मीटर आणि उंची तीन मीटर धरली तर ८४० घनमीटर हवा. २५ माणसं तासाला मिळून साडेचारशे लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतात. दारं-खिडक्या पक्क्या बंद असतील तर दर तासाला ५०० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांमागे ५०० भागांची) भर. दहाला ४२० वरून सुरुवात झाली की बारापर्यंत १,४०० सहज. हजाराच्या वर आळस आणि जडपणाच्या तक्रारी सुरू होतात. दोष एकट्या कार्बन डायऑक्साइडचा नसतो. तो वाढला म्हणजे घाम, परफ्यूम, प्रिंटर, फरशीच्या फिनाइलचा वास, सगळंच साचलं असं समजायचं.

कार्बन डायऑक्साइड मोजायला एनडीआयआर (अवरक्त किरणांनी मोजणाऱ्या) सेन्सरचा मीटर घ्या. स्वस्तातले काही मीटर दुसराच वायू मोजून अंदाज दाखवतात, डब्यावर एनडीआयआर लिहिलेलं बघून घ्या. खिडकीजवळ किंवा कोणाच्या तोंडासमोर ठेवू नका. मधल्या टेबलावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला.

माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा धरा. २५ माणसांना २५० लिटर, म्हणजे तासाला ९०० घनमीटर, साधारण ५३० सीएफएम (मिनिटाला घनफूट). आता गंमत बघा. मे महिन्यात ही हवा ४४ वरून २६ ला आणायला ५ किलोवॅट लागतात. जुलैत बाहेर २८ अंशच असतात, पण हवेत इतकं पाणी असतं की तीच हवा कोरडी करायला जवळजवळ ७ किलोवॅट लागतात. नागपुरात ताज्या हवेचा भार नवतप्यापेक्षा आषाढात जास्त असतो. म्हणून फक्त उष्णतेची देवाणघेवाण करणारं यंत्र घेऊ नका, ओलावाही परत पाठवणारं ईआरव्ही घ्या. ५०० सीएफएमचं एक वरच्या मजल्याला पुरतं. बाहेरची हवा उत्तरेकडून घ्या. जनरेटरच्या धुराड्यापासून, टॉयलेटच्या एक्झॉस्टपासून आणि त्या शाफ्टपासून लांब. फिल्टर महिन्यातून एकदा काढून बघायचा.

तेही या वर्षी जमत नसेल तर झाडझूड करणाऱ्या मावशी येतात तेव्हा, सकाळी सात ते नऊ, दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या ठेवा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एसी बंद करून दहा मिनिटं पुन्हा. मीटर लगेच खाली येताना दिसेल.

शालवाल्या ताईंसाठी: एसीच्या तोंडाला पारदर्शक डिफ्लेक्टर पट्टी लावून झोत छताकडे वळवा आणि बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे बसवा. एक पंखा ३० वॅटच्या आसपास, जुना ७५. पंखा चालू असेल तर २६-२७ वर तितकंच गार वाटतं, आणि सेटिंग एक अंश वर नेलं की वीज साधारण ६ टक्के वाचते असं बीईई (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) सांगतं. पण पंखे गच्चीच्या कामानंतर. तापलेल्या छताखाली पंखा म्हणजे वरची गरम हवा डोक्यावर ओतणं. डोळे चुरचुरण्याचं कारण बहुधा तोंडावरचा कोरडा झोतच असेल, तरी पश्चिमेकडे पाठ करून बसणाऱ्यांच्या स्क्रीनवर उजेड किती परावर्तित होतो तेही बघा. जाळी लागल्यावर तो निम्मा त्रास जातो.

आणि गेटवरच्या गार्डचा पत्र्याचा खोका विसरू नका. तोही स्टाफच आहे. पत्र्यावर १५ सेंमी वर दुसरा पत्रा, चारही बाजूंनी हवा खेळती, पश्चिमेला जाळी, आत छोटा कूलर आणि माठ. सगळ्या यादीत सगळ्यात स्वस्त काम हे आहे.

युनिट_मोजा

सगळे मे महिन्यावर बोलतायत. मला तुमच्या जानेवारीचे ४,००० खटकले. एलईडी आहेत, एसी जवळजवळ बंद, तरी ४,०००?

रविवारी सकाळी आठला मीटर वाचा, दुपारी बाराला परत वाचा, फरकाला चारनं भागा. सीटी मीटर (करंट ट्रान्सफॉर्मर लावून मोजणारा) असेल तर बिलावरच्या गुणकानं गुणायला विसरू नका, इथेच घोळ होतो. उत्तर ३ किलोवॅट आलं असं धरा. ऑफिस महिन्यात २६० तास चालतं, उरले ४६०. ४६० गुणिले ३ म्हणजे १,३८० युनिट, कोणी नसताना. मग एमसीबी एकेक करून पाडत जा आणि आकडा कुठे उतरतो ते बघा. नेहमीचे संशयित: १ केव्हीएच्या कामाला लावलेला ५ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस, १८ वर ठेवलेला सर्व्हर रूमचा एसी (२५ वर बिनधास्त चालतो), रात्रभर थंड होत राहणारे वॉटर कूलर, बाहेरचा ग्लो साइन, फ्लोट बिघडल्यानं टाकी भरून वाहत असतानाही चालणारी मोटर. वॉटर कूलरला टायमर लावा, बाकीच्यांसाठी फक्त माणसाचं लक्ष लागतं.

तुमचा भार २० किलोवॅटच्या वर आहे, म्हणजे महावितरणचं बिल केव्हीएएचवर येतं, नुसत्या युनिटवर नाही; त्यात पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खऱ्या कामाला लागते) आपोआप धरला जातो. पॉवर फॅक्टर ढासळला की तीच कामं करून बिल वाढतं. एलईडी लावल्यावर जुना कॅपॅसिटर तसाच जोडलेला राहिला असेल तर पॉवर फॅक्टर उलट्या बाजूला जातो (लीडिंग होतो) आणि तोही मीटर मोजतो. रात्री भार कमी असताना हे जास्त होतं. आपोआप पायऱ्या बदलणारं एपीएफसी पॅनेल बसवा आणि फुगलेले कॅपॅसिटर बदला.

सोलरचं मालकांना असं सांगा: वाईट नाही, फक्त दुसऱ्या क्रमांकावर. किलोवॅटला १० चौरस मीटर जागा. टाक्या, जिन्याची खोली, चालायची वाट सोडून तुमच्या गच्चीवर १६ किलोवॅट बसतील. दिवसाला किलोवॅटमागे ४ युनिट धरले तर महिन्याला १,९०० च्या आसपास. पण स्ट्रक्चरचे पाय एकदा कोब्यावर बसले की त्याखाली वॉटरप्रूफिंग करता येत नाही. आधी गच्ची, मग सोलर. स्ट्रक्चर माणूस खाली वाकून झाडू मारू शकेल इतकं उंच घ्या, सावलीचा फायदाही मिळतो.

गच्ची_आणि_कोबा

एक दुरुस्ती. सोलर पुढच्या वर्षी नक्की असेल तर यंदा स्ट्रक्चरच्या पायांसाठी सिमेंटचे चौथरे वॉटरप्रूफिंगच्या आधीच ओतून घ्या आणि थर त्यांच्यावर चढवा. नंतर ड्रिल मारू दिलं की गॅरंटी गेलीच समजा.

रामदासपेठ_३_मजले

मग क्रम असा धरतो: या रविवारी मीटर, पुढच्या आठवड्यात शाफ्टवरचा पत्रा काढणं आणि जाळीची चौकट, होळीच्या आत गच्चीचं पाणी भरून तपासणं आणि कोटिंग, सोबत चौथरे. खिडक्या उघडायचं उद्यापासून. ईआरव्ही आणि पंखे जुलैआधी.

फरक पडला हे मालकांना दाखवायचं कसं? मागचा मे आणि हा मे सारखे तापतीलच असं नाही.

युनिट_मोजा

महिन्याचं बिल तुलनेला घेऊ नका. रोज सकाळी दहा आणि संध्याकाळी सहाला मीटर वाचून वहीत लिहा, शेजारी त्या दिवसाचं हवामान खात्याचं कमाल तापमान. गच्चीचं काम सुरू व्हायच्या आधीचे वीस दिवस तरी हवेत, म्हणून उद्यापासूनच सुरू करा. नंतर सारख्याच कमाल तापमानाच्या दिवसांची आपसात तुलना करायची. ४० अंशांचे दिवस कामाआधी मिळणार नाहीत. त्यासाठी मागच्या एप्रिल-मेच्या रोजच्या नोंदी महावितरणकडे असू शकतात, त्यांच्या कार्यालयात लेखी मागून बघा. वरच्या मजल्याच्या डीबीला (वीज वाटपाच्या पेटीला) वेगळा छोटा मीटर बसवला तर गच्चीचा परिणाम स्वच्छ दिसेल, नाहीतर तो खालच्या दोन मजल्यांत मिसळून जातो.

श्वास_मोकळा

त्याच वहीत अजून दोन रकाने: दुपारी चारचं छताचं तापमान आणि मधल्या टेबलावरचं पीपीएम. वही अकाउंट्सच्या ताईंकडे द्या, त्या चुकवणार नाहीत.